वाचक विचारतात: आजाराला क्रमांक कोण देतो?

मागील अंकात ‘आभा’ या चौदा अंकी आरोग्य क्रमांकाविषयी लिहिताना आम्ही ओझरता उल्लेख केला होता की, या योजनेची बहुतेक तांत्रिक मानके सरकारने मुळापासून तयार केलेली नसून आंतरराष्ट्रीय संघटनांकडून घेतलेली आहेत. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. काहींनी कुतूहलाने विचारले आहे, तर काहींनी चिडून. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न: माझी तालुक्याच्या ठिकाणी लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात की नव्या आवृत्तीत एचएल सेव्हन, लॉइंक, स्नोमेड असे सगळे काही आहे, आणि त्यासाठी दर वाढवून मागतात. ही नावे नेमकी कशाची आहेत, आणि माझ्यासारख्याला त्यांचा काय उपयोग?
(लॅबचालक, सांगली जिल्हा)

उत्तर: तुमच्या लॅबमध्ये रोज सकाळी होणाऱ्या एका तपासणीवरूनच सांगतो. उपाशीपोटी रक्तातील साखर. तुमच्या रिपोर्टवर ती ‘एफबीएस’ म्हणून छापली जात असेल, शेजारच्या लॅबमध्ये ‘बीएसएल फास्टिंग’, जिल्ह्याच्या रुग्णालयात ‘ग्लुकोज एफ’ आणि आणखी कुठे नुसतेच ‘शुगर’. डॉक्टर हे चारही रिपोर्ट हातात घेऊन क्षणात ताडतात की तपासणी एकच आहे. संगणकाच्या लेखी मात्र त्या चार वेगळ्या गोष्टी असतात, आणि रुग्णाच्या पाच वर्षांच्या साखरेचा आलेख काढायला सांगितले तर तो चार तुटक रेघा काढून मोकळा होतो. त्यात रुग्णाचा मुलगा लंडनमध्ये असेल आणि वडिलांची तपासणी तिकडे झाली असेल, तर आपल्याकडे १२६ दिसणारा आकडा तिथे ७.० असा छापलेला येतो, कारण आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो आणि ते मिलिमोल प्रति लिटरमध्ये. अठराने गुणले की हिशेब जुळतो, परंतु गुणायचे आहे हे कोणीतरी सांगावे लागते.

यावरचा उपाय आपल्याला परका वाटू नये. महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, याची मोजदाद करणे अवघड आहे. पत्र नेमक्या वडगावी पोहोचावे म्हणून डाक खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाली. त्यात गावाचे नाव बदलावे लागले नाही, त्याच्याजोडीला फक्त एक क्रमांक आला. लॉइंक ही प्रयोगशाळेतील तपासण्यांची अशीच क्रमांकपद्धती असून ती १९९४ पासून अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट सांभाळत आहे. रक्तद्रवातील उपाशीपोटी साखर मिलिग्रॅमच्या पद्धतीने मोजली असेल, तर तिचा लॉइंक क्रमांक १५५८-६ आहे, आणि वेळेची अट न घालता मोजली असेल तर २३४५-७. मिलिमोलच्या पद्धतीला स्वतंत्र क्रमांक आहे, त्यामुळे अठराने कधी गुणायचे हे संगणकाला क्रमांकावरूनच कळते. तुमच्या छापील रिपोर्टवर ‘एफबीएस’ हेच राहू द्यावे, त्याला कोणाचीच हरकत नाही.

स्नोमेड हे आजार, लक्षणे, अवयव आणि शस्त्रक्रिया यांचे तसेच परिभाषाभांडार आहे, आणि त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. एचएल सेव्हन हे या दोहोंपेक्षा निराळे प्रकरण आहे. ही माहिती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे धाडताना लिफाफा कसा असावा, पत्ता कुठे लिहावा आणि मजकूर कोणत्या क्रमाने ठेवावा, याचे नियम ते ठरवते.

आता दरवाढीविषयी. विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा. तुमच्या लॅबमध्ये झालेला साखरेचा एक रिपोर्ट बाहेर पाठवताना त्यात कोणता क्रमांक जातो, तो पडद्यावर दाखवा म्हणावे. क्रमांक दिसला तर पैसे मोजण्यात अर्थ आहे. ‘ते आत असते’ असे उत्तर आले, तर ते फक्त माहितीपत्रकात आहे असे समजावे.

प्रश्न: या संघटना संयुक्त राष्ट्रांच्या आहेत काय? त्या कोणी आणि केव्हा स्थापन केल्या?
(निवृत्त प्राध्यापिका, नागपूर)

उत्तर: नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ही देशांच्या सरकारांची बनलेली आहे. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत त्या मात्र व्यवसायातील माणसांनी आणि त्यांच्या संस्थांनी उभ्या केलेल्या आहेत.

त्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे इंटरनॅशनल मेडिकल इन्फॉर्मेटिक्स असोसिएशन. तिला त्या वर्तुळात ‘इमिया’ म्हणतात. तिचा जन्म संगणकवाल्यांच्या घरात झाला. माहितीप्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘इफिप’ने, १९६७ मध्ये वैद्यकातील संगणकवापरासाठी आपली चौथी तांत्रिक समिती नेमली आणि फ्रान्समधील फ्रान्स्वा ग्रेमी तिचे पहिले अध्यक्ष झाले. वैद्यक आणि गणित या दोन्ही घरचा हा माणूस होता. रुग्णाची माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून यंत्राला भरवण्याचा तो काळ होता, आणि आरोग्य माहितीशास्त्र नावाचा वेगळा विषय असू शकतो हेच बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना मान्य नव्हते. १९७४ मध्ये स्टॉकहोमला ‘मेडइन्फो’ ही पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा या लोकांना आपल्यासारखे आणखी कितीजण कुठेकुठे आहेत हे प्रथमच एका सभागृहात दिसले. पुढे १९७९ मध्ये समितीची संघटना झाली आणि १९८९ मध्ये ती स्विस कायद्यानुसार पूर्णपणे स्वतंत्र झाली. त्याच १९८९ सालची परिषद बीजिंग आणि सिंगापूर अशा दोन शहरांत विभागून घ्यावी लागली होती. चीनमध्ये त्या वर्षी तिआनानमेन चौकात झालेल्या घडामोडी आठवत असतील त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको.

इमियाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तिचे मुख्य सभासद व्यक्ती नसून देशोदेशींच्या राष्ट्रीय संघटना असतात, आणि एका देशाची एकच. आपल्याकडून इंडियन असोसिएशन फॉर मेडिकल इन्फॉर्मेटिक्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था तेथे असते. आशिया-प्रशांत प्रदेशाची विभागीय संघटना आणि आफ्रिकेतील ‘हेलिना’ हीदेखील त्याच वर्षीची, तर युरोपची १९७६ मधील. जागतिक आरोग्य संघटनेशी इमियाचे अधिकृत संबंध आहेत. याचा अर्थ तिच्या बैठकांत इमियाला बसता येते आणि आपले म्हणणे मांडता येते, मतदान मात्र करता येत नाही.

प्रश्न: मी रुग्णालयाच्या नोंदणी विभागात पंधरा वर्षे काम करतो. सरकारचे परिपत्रक आले तर आम्ही पाळतो. खासगी संघटनेने परदेशात काही ठरवले तर ते आम्ही का पाळावे, आणि तिथल्या कंपन्या तरी का पाळतात?
(एक कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर: कंपन्या का पाळतात, ते आधी पाहू. समजा एका मोठ्या रुग्णालयात दहा निरनिराळ्या संगणकप्रणाली आहेत: नोंदणीची, लॅबची, एक्स-रेची, औषध भांडाराची, बिलाची वगैरे. प्रत्येकीला दुसऱ्या प्रत्येकीशी बोलवायचे तर पंचेचाळीस जोडण्या कराव्या लागतात, आणि एका कंपनीने आपली प्रणाली बदलली की तिच्या नऊ जोडण्या तुटतात. सगळ्यांनी एकच भाषा मान्य केली तर दहांत काम भागते. अमेरिकेतील रुग्णालये आणि विक्रेते या कटकटीने मेटाकुटीला आले होते, आणि त्यातूनच १९८७ मध्ये एचएल सेव्हन ही संघटना निघाली. नावातील ‘सेव्हन’ हा संगणकांच्या परस्परसंवादाच्या सात थरांपैकी सर्वांत वरचा थर आहे. तिचा जुना संदेश उघडून पाहिला तर उभ्या रेघांनी तोडलेली एक ओळ दिसते. त्या ओळीत ‘ए०१’ आले की रुग्ण दाखल झाला आणि ‘ए०३’ आले की त्याला डिस्चार्ज मिळाला, एवढे समजून लॅब, औषध भांडार आणि बिलाची खिडकी आपापल्या कामाला लागतात. तुमच्या खिडकीवर आजही हे काम एखादा वॉर्डबॉय हातात चिठ्ठी घेऊन करत असेल.

एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एरवी एका टेबलाशी बसत नाहीत. त्यांना बसवणे हे या संघटनांचे सर्वांत मोठे काम आहे, असे माझे मत आहे. ‘कनेक्टॅथॉन’ नावाच्या मेळाव्यांत हे डोळ्यांनी दिसते. सभागृहात लांब टेबलांवर प्रत्येक कंपनीचे दोघे-तिघे प्रोग्रॅमर आपापले संगणक मांडून बसतात आणि शेजारच्या कंपनीला काल्पनिक रुग्णाची माहिती पाठवतात. पोहोचली नाही तर दोघे मिळून चूक शोधतात. एरवी निविदेत एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांचे हे लोक असतात.

आता तुम्ही का पाळावे याविषयी. संघटनेचे मानक हे मुळात शिफारस असते, आणि त्याला बंधन प्राप्त होते ते सरकारने किंवा खरेदीदाराने स्वीकारल्यावर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांत स्नोमेड, लॉइंक, एचएल सेव्हन आणि एक्स-रे, सीटी स्कॅनच्या प्रतिमांसाठीचे ‘डायकॉम’ यांची नावे आहेत. मधल्या काळात, २०१४ मध्ये, भारत स्नोमेड चालवणाऱ्या संघटनेचा सभासद देश झाला. ही संघटना २००७ मध्ये नऊ देशांनी मिळून काढली होती, आणि तिची वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने आकारली जाते. देशाने वर्गणी भरली की देशातील कोणत्याही रुग्णालयाला, लॅबला किंवा महाविद्यालयाला स्नोमेड विनामूल्य वापरता येते. हे वितरण आणि मार्गदर्शन सांभाळणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेत आहे. ‘आभा’ क्रमांक देणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, तेव्हा माहितीच्या देवघेवीसाठी एचएल सेव्हनचेच ‘फायर’ हे नवे मानक घेतले गेले आणि भारतीय गरजांनुसार त्याचे नियमपत्रकही पुण्याच्या याच केंद्राने तयार केले. तेव्हा तुमच्या परिपत्रकाच्या मागे परदेशातील समिती आहे हे खरे, पण मध्ये पुणेही आहे.

एक स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील जुने केस पेपर संगणकावर चढवण्याच्या कामात मी होतो. एका केस पेपरवर निदानाच्या रकान्यात फक्त ‘एमआय’ असे लिहिले होते. भरणाऱ्या मुलाने यादीतून हृदयविकाराचा झटका निवडला. पुढे तपासताना लक्षात आले की लिहिणाऱ्या डॉक्टरांना हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेची गळती अभिप्रेत होती, कारण त्या आजारालाही ‘एमआय’ लिहिण्याची जुनी रीत आहे. त्या बाईंच्या नावावर न आलेला झटका तीन आठवडे राहिला. झटक्याचा स्नोमेड क्रमांक २२२९८००६ आहे आणि झडपेच्या गळतीचा अगदीच वेगळा. लिहिताना क्रमांक निवडला असता, तर डॉक्टरांना तेथेच थांबून ठरवावे लागले असते. संघटनांनी कितीही चांगली परिभाषा केली, तरी ती वापरायची की नाही हे केस पेपर लिहिणाऱ्याच्या त्या दहा सेकंदांत ठरते, आणि ओपीडीत बाहेर साठ माणसे उभी असताना ती दहा सेकंदे कोणाकडे असतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

प्रश्न: मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचे तर कोणत्या संघटनेचे सभासदत्व किंवा प्रमाणपत्र घ्यावे?
(विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: आधी शिका, सभासदत्व नंतर पाहता येईल. इमियाने या विषयाच्या शिक्षणात काय असावे याच्या शिफारशी २००० मध्ये प्रसिद्ध केल्या आणि २०१० मध्ये सुधारल्या. त्यांत दोन गट वेगळे मानले आहेत: आपल्या कामात संगणक आणि माहिती वापरणारे डॉक्टर, परिचारिका, व्यवस्थापक हा एक, आणि याच विषयाचे तज्ज्ञ हा दुसरा. आपण कोणत्या गटात जाणार हे ठरवले की अभ्यासक्रमांच्या जाहिरातींतील अर्धा गोंधळ कमी होतो. परिचारिकांच्या माहितीशास्त्रासाठी इमियात स्वतंत्र गट आहे, आणि त्याला मान आहे, कारण रुग्णालयातील सर्वाधिक नोंदी परिचारिकाच करतात. डॉक्टरांपुरते पाहिले तर अमेरिकेत तेथील व्यावसायिक संघटनेच्या पाठपुराव्यामुळे क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्सला, म्हणजे रुग्णसेवेतील माहितीशास्त्राला, २०११ मध्ये वैद्यकीय उपशाखेची मान्यता मिळाली आणि २०१३ मध्ये पहिली परीक्षा झाली. स्नोमेडचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे. तो करून पाहा. आकर्षक नावाच्या प्रमाणपत्रासाठी भरमसाट शुल्क मागणाऱ्या संस्थेला तिची मान्यता नेमकी कोणाची आहे, हे लेखी विचारावे.

प्रश्न: एका लॅबने माझ्या आईचा रिपोर्ट चुकून दुसऱ्याच कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. या जागतिक संघटनांची काही आचारसंहिता असते का, आणि तिच्याकडे तक्रार करता येते का?
(वाचक, ठाणे)

उत्तर: आचारसंहिता आहे, तक्रारीची खिडकी नाही. इमियाने आरोग्यमाहिती हाताळणाऱ्या व्यावसायिकांसाठी २००२ मध्ये आचारसंहिता स्वीकारली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. तिच्यात सात मूलतत्त्वे आहेत. आपली माहिती कोणाकडे जावी हे ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क त्यांत पहिला आहे, आणि माहितीला हात लावावाच लागला तर कमीत कमी हस्तक्षेप करणारा मार्ग निवडावा, असेही एक आहे. रिपोर्टचा दुवा पासवर्डने उघडणारा पाठवावा की सगळा रिपोर्ट उघडाच धाडावा, हा प्रश्न या तत्त्वाने सुटतो. परंतु इमिया ही संघटनांची संघटना असल्याने ठाण्यातील लॅबला तिच्यापुढे उभे करता येत नाही. तुम्ही लॅबला लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि चुकीच्या क्रमांकावरून रिपोर्ट काढून टाकल्याची खात्री लेखी मागा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झालेला आहे, त्याचा उल्लेख पत्रात अवश्य करा.

प्रश्न: स्पष्ट विचारतो. हा सगळा श्रीमंत देशांचा आणि इंग्रजीचा क्लब नाही काय? आमचे रुग्ण मराठी-कोंकणीत बोलतात. त्यांचे शब्द या यादीत कुठे आहेत?
(डॉक्टर, फोंडा, गोवा)

उत्तर: तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मेडइन्फो १९७४ मध्ये सुरू झाली आणि आफ्रिकेत पोहोचायला २०१० उजाडले, तेव्हा ती केप टाउनला भरली. दक्षिण अमेरिकेत ती २०१५ मध्ये साओ पाउलोला गेली. भारतात ती २०२५ पर्यंत एकदाही भरलेली नाही. समित्यांच्या दूरध्वनी बैठका अमेरिका आणि युरोपच्या सोयीच्या वेळी ठेवल्या की आपल्याकडचा माणूस अर्ध्या रात्री जागा राहतो, आणि तेही नोकरी सांभाळून, विनावेतन. ज्याला त्या कामासाठी कंपनी पगार देते त्याचा आवाज साहजिकच मोठा असतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. एचएल सेव्हनने २०१३ मध्ये आपली मुख्य मानके विनामूल्य केली, आणि त्यामुळे आपल्याकडच्या लहान कंपन्यांची मोठी अडचण दूर झाली.

भाषेची बाजू अधिक आशादायक आहे. स्नोमेडमध्ये क्रमांक संकल्पनेला असतो, शब्दाला नसतो. एका क्रमांकाखाली हवी तितकी नावे, हव्या त्या भाषेत जोडता येतात. स्पॅनिश, डॅनिश, स्वीडिश आणि डच भाषिकांनी तसे केलेले आहे. ‘कणकण’, ‘जीव घाबरणे’, ‘पोटात कळ येणे’ यांना जागा मिळण्यास तांत्रिक अडचण काहीही नाही. अडचण खरी आहे ती वेगळीच.

‘पित्त’ हा शब्द घ्या. तुमच्यासमोर बसलेली बाई म्हणते, ‘डॉक्टर, पित्त झालंय.’ तिला आंबट ढेकर आणि छातीत जळजळ म्हणायची असेल. दुसरी तेच म्हणते आणि बाही वर करून अंगावर उठलेल्या गांधी दाखवते. तिसरा आयुर्वेदाच्या वैद्यांकडून आलेला असतो आणि त्याला प्रकृतीतील दोष अभिप्रेत असतो. पहिल्या दोहोंसाठी स्नोमेडमध्ये स्वतंत्र संकल्पना आहेत. तिसऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचा स्वतंत्र विभाग जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत प्रकाशित झाला. म्हणजे क्रमांक आहेत, पण ‘पित्त’ ऐकल्यावर त्यांतील कोणता केव्हा लावायचा, याची नोंद मराठी आणि कोंकणी रुग्ण रोज तपासणाऱ्यांनीच करायची आहे. स्नोमेडच्या लंडनमधील कार्यालयात बसलेल्या परिभाषातज्ज्ञाला बाही वर केलेली दिसत नाही. तुमच्या ओपीडीत येणाऱ्या अशा पन्नास शब्दांची यादी आणि प्रत्येकाचे दोन-तीन अर्थ तुम्ही लिहून काढलेत, तर ती पुण्याच्या केंद्राकडे पाठवण्यासारखी होईल.